कामावर भेदभाव झाला तर: इंदूरमध्ये तक्रार कुठे, किती दिवसांत आणि कशी करायची

एचआरला एक लांबलचक ईमेल जातो. पगारातली तफावत, साहेबांचे टोमणे, हुकलेली बढती, नाकारलेली रजा, सगळे एका दमात लिहिलेले. 'बघतो' असे उत्तर येते. दोन-तीन महिने वाट पाहून माणूस वकिलाकडे जातो आणि पहिलाच प्रश्न येतो: शेवटची घटना कोणत्या तारखेची? तेव्हा कळते की एका गाऱ्हाण्याची मुदत गेली, दुसरे एचआरच्या अखत्यारीतलेच नव्हते आणि तिसऱ्याचा पुरावा परत केलेल्या लॅपटॉपमध्ये राहिला.

खासगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावांना लागू पडेल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. प्रकार बदलला की कायदा बदलतो, ऐकणारा बदलतो, मुदतही बदलते. म्हणून क्रम मोडू नका: प्रकार, अखत्यार, तारखा, पुरावे. अर्ज त्यानंतर.

## टप्पा १: भेदभाव कोणत्या प्रकारचा, ते ठरवा

सारख्या कामाला कमी पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू आहेत. त्यातल्या २०१९ च्या वेतन संहितेचे कलम ३ सांगते की सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात किंवा भरतीत फरक करता येत नाही. 'सारखे काम' म्हणजे सारखे पदनाम नव्हे. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती सारखी लागते. दावा २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांचाही असेल तर १९७६ चा समान वेतन कायदाही अर्जात नोंदवा.

गरोदरपण आणि बाळंतपण. बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर भरपगारी रजा मिळते, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. या काळात काढून टाकणे किंवा नुकसान होईल अशा तऱ्हेने सेवाशर्ती बदलणे बेकायदा आहे. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर लाभाचा पैसा मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देते. तो दावा नंदानगरच्या पंचदीप भवनाकडे करायचा. मालकाशी भांडत बसू नका.

लैंगिक छळ. २०१३ चा कायदा. या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेला करता येते, पण ती कायम नोकरीत असायला हवी असे नाही. कंत्राटी, शिकाऊ, इंटर्न सगळ्या येतात. मालकाने दिलेली कॅबसुद्धा 'कामाचे ठिकाण' आहे. रात्रपाळीच्या बीपीओत हे विसरले जाते.

जात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा अपमान, धमकी, बहिष्कार हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे आहेत. जागा पोलिसांची; जिल्ह्याच्या अजाक (अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या) पोलिस ठाण्यातही जाता येते. जातीवाचक अपमानाचे कलम लागायला अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झालेला लागतो. बंद केबिनमध्ये दोघेच असताना झालेल्या बोलण्यावर हे कलम सहसा टिकत नाही. तिथे कोण होते, दार उघडे होते का, कुणी ऐकले, हे आधी आठवा.

अपंगत्व, एचआयव्ही, तृतीयपंथी व्यक्ती. अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१९ चे कायदे. अपंगत्वाच्या तक्रारी राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे भोपाळला जातात. १०० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत एचआयव्हीविषयक तक्रार अधिकारी असावाच लागतो, आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा तक्रार अधिकारी प्रत्येक आस्थापनेत.

धर्म, भाषा, वय, प्रांत. 'तुम मराठी लोग' ने सुरू होणारे टोमणे, किंवा पंचेचाळिशी ओलांडली म्हणून बढतीच्या यादीतून वगळणे. खासगी नोकरीत यासाठी स्वतंत्र कायदा नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. वाट उरते ती कंपनीच्या धोरणाची आणि तक्रार निवारण समितीची. २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत ही समिती असणे औद्योगिक संबंध संहितेने बंधनकारक केले आहे. मात्र ती 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. मॅनेजर त्यात येत नाही.

> तपासा: दोन प्रकार एकत्र घडले असतील तर अर्जही दोनच होतील. छळाच्या अर्जात पगारवाढीचा हिशेब घातला की समोरचा म्हणतो, 'हिला पैसे हवे होते.'

## टप्पा २: कोणता जिल्हा, कोणते सरकार

तुम्ही राहता कुठे याला इथे किंमत नाही, कामाची जागा पाहिली जाते. राजेंद्रनगरहून रोज पीथमपूरला जाणारे शेकडो जण इंदूरच्या कार्यालयांत खेटे घालतात. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. तिथल्या कारखान्यासाठी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी स्थानिक समिती धारची. देवास स्वतंत्र जिल्हा. सांवेर रोड, सुपर कॉरिडॉर आणि महू मात्र इंदूर जिल्ह्यातच.

दुसरी गाळणी सरकारची. सामान्य कारखाना, दुकान, खासगी शाळा, आयटी कंपनी यांच्या श्रमविषयक तक्रारी राज्याकडे. राज्याच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच आहे, महात्मा गांधी रस्त्यावर मोती बंगल्यात. तुमच्या भागाचे आणि तुमच्या संहितेखालचे अर्ज सध्या कोणता अधिकारी ऐकतो, ते अर्ज टाइप करण्याआधी तिथे विचारून घ्या. त्याचे अचूक पदनाम अर्जाच्या माथ्यावर लागते. बँक, विमा, दूरसंचार, रेल्वे, विमानसेवा यांच्यासाठी मात्र 'समुचित शासन' केंद्राचे. बँकेतल्या कर्मचाऱ्याचा पगाराचा दावा मोती बंगल्यातून परत येतो. तो केंद्रीय श्रम यंत्रणेकडे, समाधान पोर्टलवरून जातो.

> थांबा: रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ग्राहकांसाठी आहे. बँक आणि तिचा कर्मचारी यांच्यातला वाद त्याच्या योजनेतून स्पष्टपणे वगळलेला आहे. सेबीचे स्कोअर्स पोर्टलही गुंतवणूकदारांसाठी आहे. नियामकाकडे गेले की मालक घाबरेल, या हिशेबाने लोक तिथे अर्ज टाकतात आणि लैंगिक छळासारख्या तक्रारीची तीन महिन्यांची मुदत नकाराची वाट पाहण्यात घालवतात.

## टप्पा ३: तारखा मांडा

एका कागदावर घटना लिहा आणि प्रत्येकीपुढे शेवटचा दिवस. मुदती अशा:

- लैंगिक छळ: शेवटच्या घटनेपासून ३ महिने. योग्य कारण लेखी दिल्यास समिती आणखी ३ महिने वाढवू शकते.
- मातृत्व लाभ नाकारला किंवा त्या काळात काढून टाकले: आदेश कळल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे.
- तक्रार निवारण समिती: कारण घडल्यापासून १ वर्ष. समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा. तो पटला नाही किंवा आलाच नाही तर पुढच्या ६० दिवसांत, आपल्या युनियनमार्फत, श्रम यंत्रणेच्या समेट अधिकाऱ्याकडे.
- वेतनाचा दावा: ३ वर्षे. दर महिन्याचा कमी पगार हा त्या महिन्याचा दावा, म्हणून उशीर केला की जुने महिने एकेक करून गळत जातात.

यातली सर्वांत लहान मुदत तुमची खरी मुदत समजा. एचआरशी चाललेल्या ईमेलमुळे कोणतीही मुदत थांबत नाही. 'अंतर्गत चौकशी चालू आहे' असे उत्तर आले तरी नाही.

## टप्पा ४: पुरावे

इथे आठ-दहा दिवस द्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिल्या दिवशी नियुक्तिपत्र, वेतनवाढीची पत्रे, अप्रायझल, कामाचे वर्णन आणि मागच्या किमान १२ महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घ्या. मालकाने पगाराची पावती देणे बंधनकारक आहे. मिळत नसेल तर लेखी मागा आणि ती मागणी जपा. नाकारलेली मागणीही पुराव्यातच जमा होते.

मग घटनांची नोंद. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर माणसे, एवढे पाच रकाने. शब्द ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत लिहा. मॅनेजर हिंदीत बोलला असेल तर हिंदीत, इंग्रजीत बोलला असेल तर देवनागरीत का होईना, त्याचेच शब्द. आपल्याकडे घरची भाषा मराठी, म्हणून नोंद मराठीत होते आणि अर्ज हिंदीत. मधल्या अनुवादात शब्द सौम्य होतात किंवा उगाच तिखट होतात, आणि उलटतपासणीत नेमके तेच पकडले जाते. मराठी सहकाऱ्याशी मराठीत झालेले चॅट पुराव्यात द्यायचे असेल तर मूळ आणि शेजारी हिंदी अनुवाद, दोन्ही द्या.

व्हॉट्सॲपचे फक्त स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ चॅट त्या फोनमधून काढू नका, फोन विकू नका, 'डिसॅपिअरिंग मेसेज' चालू असेल तर आधी बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि ते मूळ उपकरणातल्या नोंदीविषयी असते.

पगाराच्या दाव्यासाठी तक्ता बनवा: महिना, तुमचे वेतन, तुलनेच्या सहकाऱ्याचे वेतन, फरक. समजा पॅकिंग लाइनवर तुम्हाला २१,००० आणि त्याच लाइनवरच्या पुरुष सहकाऱ्याला २४,५००. १४ महिन्यांचा फरक ४९,००० होतो. दोघांच्याही मूळ वेतन, भत्ते आणि कपाती वेगळ्या दाखवा. हातात पडलेल्या रकमांची तुलना केली की मालक कर्जाचा हप्ता किंवा ॲडव्हान्स दाखवून तक्ता मोडतो. सहकाऱ्याचा आकडा नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा आणि वेतन नोंदवही मागवण्याची विनंती अर्जातच करा. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला कागद मागवण्याचे अधिकार असतात.

> थांबा: सहकाऱ्याच्या सॅलरी स्लिपा सर्व्हरवरून उतरवणे, ग्राहकांच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवणे असले काही करू नका. भेदभावाची चौकशी बाजूला राहते आणि गोपनीयता भंगाची नोटीस तुमच्याच नावे निघते. स्वतःची पत्रे आणि स्वतःला आलेले संदेश, एवढ्यावर थांबा.

साक्षीदार कमी पण पक्के हवेत. नाव देण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. न विचारता नाव टाकलेला सहकारी पहिल्याच तारखेला 'मला काही आठवत नाही' म्हणतो आणि तुमचा सगळा अर्ज कच्चा दिसू लागतो.

## टप्पा ५: अर्ज लिहा

सरकारी कार्यालयासाठी हिंदीत. कंपनीच्या समितीसाठी हिंदी किंवा इंग्रजी, तिचे कामकाज ज्या भाषेत चालते ती. दोन ते तीन पाने पुरतात.

१. अर्ज कोणाकडे: पदनामासह. 'मा. महोदय, इंदूर' असे माथे असलेला कागद कुठेही जाऊ शकतो, म्हणजे कुठेच जात नाही.

२. तुम्ही कोण: नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, कामाची जागा. कंत्राटी असाल तर ठेकेदार आणि मुख्य मालक दोघांचीही नावे.

३. घटना: तारखेच्या क्रमाने, एका परिच्छेदात एकच. 'ते नेहमी मला कमी लेखतात' हे वाक्य चौकशीत कामाचे नाही. 'दि. १२ मार्च रोजी दुपारी ४ च्या सुमारास, दुसऱ्या मजल्यावरील बैठकीत, सहा जणांसमोर ते म्हणाले...' हे वाक्य तपासता येते.

४. कायदा: एका ओळीत. कलमांची माळ लावू नका.

५. मागणी: नेमकी. पगारातला फरक इतका, नुकसानभरपाई, बदली, बढतीचा फेरविचार, जे हवे ते. मागणीच न लिहिलेला अर्ज 'समज दिली' या शेऱ्यावर बंद होतो. वेतन संहितेखाली ठरलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. ती कमाल मर्यादा आहे आणि अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. दहापट गृहीत धरून घरचा हिशेब करू नका.

६. सोबतचे कागद: क्रमांक देऊन, यादीसह.

विशेषणे काढून टाका. 'नराधम', 'हुकूमशाही' असे शब्द लिहिणाऱ्याला हलके करतात. निनावी अर्ज तर नकोच. त्यावर ना जबाब घेता येतो ना अपील.

## टप्पा ६: दाखल करा आणि पावती घ्या

लैंगिक छळाच्या तक्रारीला नियमानुसार सहा प्रती लागतात, कागदपत्रे आणि साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसह. सातवी तुमची. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समितीकडे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तिचा पत्ता मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत विचारा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही नोंद करता येते, पण पोर्टल स्वतः चौकशी करत नाही, तक्रार संबंधित समितीकडे पाठवते. समिती पुढे सरकली का, ते तुम्हालाच पाहावे लागते.

अंतर्गत समिती कागदावर आहे की खरी, हे अर्ज देतानाच बघा: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. बाहेरचा सदस्यच नसेल तर ती हरकत पहिल्याच पत्रात लेखी नोंदवा. निकाल विरुद्ध गेल्यावर घेतलेली हरकत रडगाणे वाटते.

सरकारी कार्यालयात अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवक, जावक, पावती हे शब्द इथल्या सरकारी हिंदीतही जसेच्या तसे चालतात, त्यामुळे विचारताना अडचण नाही. स्वीकारलाच नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह पाठवा. कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारींच्या सुनावणीत) अर्ज देणे ही दाब आणायची वाट आहे, मूळ अर्जाची जागा नव्हे.

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. फोन १५१००. महिलांना यासाठी उत्पन्नाची अट नाही.

## टप्पा ७: चौकशी चालू असताना

लैंगिक छळाच्या चौकशीचे वेळापत्रक ठरलेले आहे: ७ कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला, १० कामाच्या दिवसांत त्याचे उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि ६० दिवसांत मालकाची कारवाई. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. सलग तीन सुनावण्यांना कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर समिती नोटीस देऊन प्रकरण बंद करू शकते. म्हणून आजारी असाल तर त्याच दिवशी ईमेल करा, डॉक्टरांची चिठ्ठी नंतर.

या काळात तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा, कोणा एकाची बदली, आणि समोरच्या व्यक्तीने तुमचे अप्रायझल लिहू नये असा आदेश मागता येतो. मात्र लेखी मागावा लागतो. अप्रायझलचे विसरून लोक फक्त रजा मागतात, आणि मार्चअखेर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातचा शेरा फायलीत येतो.

'मिटवून टाका' असा निरोप येईल. समेट तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तिच्यावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी तक्रार द्वेषाने, खोटी आहे हे जाणून केली होती, हे वेगळे सिद्ध व्हावे लागते. ही भीती दाखवणारे बरेच भेटतात.

कुणाकुणाला सांगितले याचा हिशेब ठेवा. तक्रारीतली नावे आणि मजकूर उघड करायला कायद्याने मनाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवरची एक पोस्ट समोरच्याच्या हाती कोलीत देते.

## टप्पा ८: कंपनीचे आर्थिक कागद वाचा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. कंपनी कायद्याखालच्या नियमांत १४ जुलै २०२५ पासून झालेल्या बदलानुसार संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांपलीकडे रखडल्या हे लिहावे लागते. मातृत्व लाभाच्या कायद्याचे पालन केल्याचे निवेदनही लागते. छोट्या कंपन्यांना आणि एकव्यक्ती कंपन्यांना यातून सूट आहे. बाजारमूल्यात पहिल्या १,००० मध्ये असलेल्या सूचीबद्ध कंपन्या सेबीच्या नियमाने याहून पुष्कळ उघड करतात: पुरुष आणि महिला कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार), भेदभावाच्या तक्रारींची संख्या, त्यातल्या प्रलंबित किती. पगाराच्या दाव्यात हे पान जोडण्यासारखे असते, पण फक्त पार्श्वभूमी म्हणून. तुमच्या दोन पदांची तुलना ते सिद्ध करत नाही.

सूचीबद्ध कंपनीचा अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळतो. इतरांचे दाखल कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून पाहता येतात. वार्षिक हिशेब दाखल करायचा एओसी-४ हा फॉर्म शोधा. ३१ मार्चला तुमची तक्रार पडून होती आणि अहवालात 'शून्य' लिहिले आहे, असे दिसले तर कंपनी सचिवाला पत्र द्या, पावतीसह. कंपनी निबंधकाकडे जायची वेळ आली तर आधी नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे ते बघा. मध्य प्रदेशाचे निबंधक ग्वाल्हेरला असतात, पण सुपर कॉरिडॉरवरची कंपनी मुंबई किंवा बंगळूरला नोंदलेली असू शकते.

खोट्या नोंदीवर सही करायला नकार दिला म्हणून त्रास सुरू झाला असेल तर प्रकरणाचा आर्थिक भाग वेगळा काढा. सूचीबद्ध कंपन्या, ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका-वित्तसंस्थांचे ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्या यांना दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, ठेवावी लागते. लेखापरीक्षण समिती असेल तर गरजेच्या प्रसंगी तिच्या अध्यक्षांना थेट लिहिण्याची सोय त्यात असते. त्या पत्रात व्हाउचर क्रमांक, तारीख, रक्कम एवढेच येऊ द्या.

## टप्पा ९: अहवालानंतर

अहवालाची प्रत मागून घ्या. ती दोन्ही बाजूंना द्यायची असते. लैंगिक छळाच्या प्रकरणात अपील ९० दिवसांत, वेतनाच्या दाव्यातही ९० दिवसांत. प्रत हाती पडल्याची तारीख पाकिटासह जपा.

तक्रार चालू असताना राजीनामा देऊ नका, द्यावाच लागला तर कारण लिहा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द पुढे वर्षभर पाठ सोडत नाहीत. राजीनामा किंवा कामावरून कमी केल्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे असे वेतन संहिता म्हणते. हिशेबाच्या कागदावर 'माझी कोणतीही तक्रार किंवा दावा शिल्लक नाही' अशी ओळ बहुधा खाली बारीक अक्षरांत असते. सही करायचीच झाली तर त्या ओळीवर रेघ मारा, शेजारी 'वेतन मिळाले, तक्रार क्र. अमुक प्रलंबित' असे स्वतःच्या हाताने लिहा, आणि सही करण्याआधी त्या कागदाचा फोटो घ्या.